ओल्या पावलांचा अभ्यास

हाडांच्या डॉक्टरकडे लोक मोठमोठी यंत्रं बघायला मिळतील या अपेक्षेने येतात. आमच्या सरांच्या ओपीडीत त्यांना आधी दिसायचा तो एक निळा प्लास्टिकचा टब, बाळाला आंघोळ घालतात तसला. टबात वीतभर पाणी. पेशंटने चपला काढायच्या, टबात दोन्ही पाय बुडवायचे आणि कॉरिडॉरच्या काळपट फरशीवरून सरळ टोकाच्या खिडकीपर्यंत चालत जायचं. मागे ओली पावलं उमटायची. त्या पावलांमागून, गुडघ्यांवर रांगत, हातात शाळकरी कंपासपेटीतला कोनमापक आणि खडू घेऊन एक मुलगी जायची. ती मी. एमबीबीएसला मेडल मिळवलेली, आणि आता सर्जन होणार म्हणून जिच्या आईने नेरूळच्या सोसायटीत घरोघर पेढे वाटले होते, ती.

पावलं वाळायच्या आत मोजावी लागत. मे महिन्यात ती मोजणं म्हणजे शर्यतच असायची. आणि वाळली नाहीत तर मावशी पुसून टाकत. मावशी घणसोली गावच्या, वॉर्डाची साफसफाई त्यांच्याकडे. फरशीवर पाणी दिसलं की त्यांचा पारा चढायचा.

"आताच पुसलीय ना मी? पानी कोन सांडलं?"

"मावशी, संशोधन चाललंय."

"मंग घरी करा ना संशोधन. हितं मानूस घसरून पडंल."

एकदा खरंच माणूस घसरून पडलं. ते मीच होते. मनगट लचकलं, क्रेप बँडेज बांधलं, आणि पुढचे कित्येक दिवस प्रत्येक पेशंट मला विचारायचा, "मॅडम, तुमाला काय झालं?" मी सांगायचे, "संशोधन."

हे संशोधन सरांचं. सर आमच्या युनिटचे प्रमुख. हॉस्पिटल ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून. त्यामुळे रबाळ्याच्या मशीनमध्ये सापडलेले हात, तळोज्याच्या टँकरखाली आलेले पाय आणि पाम बीच रोडवर बाइक उडवणाऱ्या पोरांच्या मांड्या, सगळं आमच्याच दारात यायचं. सर मूळचे सांगलीकडचे. अंगाने किरकोळ, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि त्यातलं एकही चालू नाही. मान डावीकडे कललेली. ऑपरेशनच्या वेळी एक्स-रेच्या किरणांपासून बचाव म्हणून आम्ही शिशाचा एप्रन घालतो, तो चांगला जड असतो, आणि सरांनी उभा जन्म तो अंगावर वागवत डावीकडच्या एक्स-रेच्या पडद्याकडे बघत काढला होता. तशी ती मान कधीतरी कलली आणि मग तशीच राहिली.

सर्जरी शिकणाऱ्या आम्हा रेसिडेंट मंडळींना ती मान म्हणजे विद्वत्तेची खूण वाटायची. मी तर सहा महिन्यांत तिची नक्कल उचलली. एक्स-रे हातात घेतला की आपोआप मान डावीकडे. आपण फार खोल विचार करतोय असं त्यामुळे आतून वाटायचं. घरी जेवायला बसले की आई म्हणायची, "मान आखडलीय का गं?" आणि रोज रात्री बाम चोळायची. मीही चोळून घ्यायचे, कारण कलती मान खरोखरच दुखायची.

सरांचा एक शब्द होता: कशावरून. तुम्ही काहीही बोला, सर विचारणार, "कशावरून?" हाड जुळलंय सर. कशावरून? पेशंट बरा आहे सर. कशावरून? एकदा मी नुसतं म्हटलं, "सर, आज उकडतंय." सर म्हणाले, "कशावरून?" आणि उत्तराची वाट बघत थांबले. मी घाम पुसलेला रुमाल दाखवला. त्यांनी तो पुरावा म्हणून मान्य केला.

हाही रोग मला लागला. एक स्थळ आलं होतं, मुलगा ऐरोलीत आयटीत होता. कांदेपोहे संपता संपता तो म्हणाला, "मला वाचनाची आवड आहे." माझ्या तोंडून गेलं, "कशावरून?" तो बिचारा गडबडला. त्याच्या आईने बशी खाली ठेवली. त्यांच्याकडून नंतर फोन आला नाही आणि माझ्या आईने सरांना पहिल्यांदा शिव्या घातल्या.

सर तरुणपणी परदेशात संशोधनाला गेले होते. सळई घातलेलं हाड किती भार सोसतं, हा विषय. परत येताना इतर लोक अत्तरं आणि चॉकलेटं आणतात, सरांनी हाडं मोडायचं यंत्र आणलं. विमानतळावर कस्टमच्या माणसाने विचारलं, हे कशासाठी? सर म्हणाले, हाडं मोडायला. पुढचा अर्धा दिवस ते तिथेच होते. ते यंत्र आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात जनरेटरशेजारी असायचं आणि प्रत्येक नव्या रेसिडेंटला त्यावर काम करावं लागायचं. काम म्हणजे बकऱ्याचं हाड आणायचं, मोडायचं, सळई घालून जोडायचं आणि परत मोडायचं.

आमच्या घरात अंडं उकडायचं तर गॅलरीत वेगळ्या शेगडीवर. अशा घरातली मी रविवारी सकाळी तुर्भ्याच्या मटणाच्या दुकानासमोर रांगेत उभी राहिले. ओढणीने नाक झाकून.

"मागचा पाय द्या. अख्खा. हाड तुटलेलं नको."

दुकानदार म्हणाला, "सूप के लिए ना मॅडम? बारीक करके देता हूँ."

"नको नको. तोडायचं नाही. मला ते मशीनवर तोडायचंय."

त्याने सुरा खाली ठेवला. "तोडनाच है तो मैं इधरीच तोड देता ना. मशीन कायको?"

मी रांगेतल्या लोकांकडे बघत म्हटलं, "रिसर्च." मागच्या काकूंनी आपली पिशवी माझ्यापासून जरा लांब घेतली. त्यानंतर तो दुकानदार मला बघितलं की ओरडून पोराला सांगायचा, "रिसर्चवाला पाय निकाल."

सरांची आणखी एक रीत होती. ज्याला प्लास्टर घालायला शिकायचंय त्याने आधी ते स्वतः घालून राहायचं. शुक्रवारी संध्याकाळी माझ्या धडधाकट पायाला मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर चढलं आणि सर म्हणाले, "आता घरी जा. संडासला कशी बसतेस, अंघोळ कशी करतेस, खाज आली तर काय करतेस, सोमवारी सांग." रिक्षात तो पाय मावेना. मी तो बाहेर काढून बसले आणि सिग्नलला प्रत्येक बाइकवाला मला हळहळून बघत होता.

सोसायटीत मी खरं सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता. लिफ्टमध्ये भेटलेल्या काकूंना मी म्हटलं, जरा पडले. रात्रीपर्यंत पाम बीच रोडला डंपरने उडवलं इथवर गोष्ट गेली होती. शनिवारभर शहाळी आणि सफरचंदं येत राहिली. वॉचमनने स्वतःहून गणपतीचा अंगारा आणला. आणि सोमवारी हॉस्पिटलात प्लास्टर काढून मंगळवारी सकाळी मी टुणटुणीत चालत खाली उतरले. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतले निम्मे गुडघे सरांच्या ओपीडीत येऊन बसले. सर मला म्हणाले, "एवढे पेशंट एकाच पत्त्यावरून कसे?" मी म्हटलं, "योगायोग, सर." "कशावरून?" मी टबात पाणी भरायला निघून गेले.

तर हा टब. त्याचं शास्त्र सांगते, सोपं आहे. मांडीचं हाड मोडलं की आम्ही आत धातूची सळई घालतो. पेशंट तिला रॉड म्हणतात. सळईला वर आणि खाली आडवे स्क्रू मारले की हाड हलत नाही. काही महिन्यांत ते जुळतं, एक्स-रेत सगळं सरळसोट दिसतं आणि डॉक्टर खूश होतात. पण स्क्रू मारायच्या आधी हाडाचा खालचा तुकडा जरा जरी फिरलेला राहिला, तर तो तसाच फिरलेला जुळतो. एक्स-रेत ते सहज लक्षात येत नाही. चालताना येतं, कारण पाऊल बाहेरच्या बाजूला वळतं. ते सीटी स्कॅनमध्ये मोजता येतं, पण सर म्हणायचे, "त्या स्कॅनमध्ये माणूस आडवा असतो. मला उभा माणूस हवाय." म्हणून टब. माझ्या थिसिसचा विषयही त्यांनी हाच दिला. सळई घालून वर्ष उलटलेल्या पेशंटना बोलवायचं, चालवायचं आणि दोन्ही पावलांचा कोन मोजायचा.

सुरुवातीला मी स्वतः चालून बघितलं. माझीच दोन्ही पावलं बदकासारखी बाहेर. सर म्हणाले, "दोन्ही सारखी आहेत ना? मग ते तुझं सौंदर्य." सरांनी आयुष्यात माझं केलेलं हे एकमेव कौतुक.

पेशंट येत गेले, मी रांगत गेले. आणि मग मारुतीराव आले.

मारुतीराव साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, हे काम. फळी अरुंद असते, एका पावलाच्या रुंदीची. ट्रक मागे येताना मांडीवर आला आणि हाड मोडलं. सळई सरांनी घातली होती. हाड झकास जुळलं होतं. मारुतीराव टबातून निघाले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. डावं पाऊल सरळ. उजवं चांगलं बाहेर वळलेलं.

"दुखतं का हो?" मी खालूनच विचारलं.

"दुकत न्हाई. फकस्त फळीवर पाय मावंना. पुढचा आंगठा भाईर जातूय. मग मुकादमानं पोती शिवाया बसवलंय. बायकांच्यात."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"सायबांनी केलंय. म्हंजी बरूबरच आसंल. माजीच चाल बिगाडली आसंल."

त्या दिवशी मी फरशीला दोष दिला. खिडकीकडे उतार असेल. मग टबाला दिला, मग कोनमापकाला. नवीन कंपासपेटी आणली. पुढच्या काही आठवड्यांत आणखी पेशंट आले. इतरांनी ऑपरेट केलेले बरेचसे ठीक. सरांनी पूर्वी केलेले ठीक. आणि सरांनी अलीकडे केलेले एकामागून एक, सगळे एकाच बाजूला, पाऊल बाहेर.

आता हे सरांना सांगायचं होतं. सांगणार कोण, तर ज्यांच्या सहीशिवाय माझा थिसिस जाणार नव्हता, त्यांची विद्यार्थिनी. मी काय काय केलं ते सांगायला हरकत नाही. आधी विषय बदलता येईल का याची चौकशी केली. मग मला कावीळ झाली असावी असं वाटायला लागलं, तपासून घेतली, झाली नव्हती. मग आरशासमोर भाषणाची तालीम केली. त्यात मी 'सर' हा शब्द इतक्यांदा घालत होते की मुद्द्याला जागाच उरत नव्हती. भीती सहीची होती, पण त्याहून मोठी वेगळी होती. मला हा माणूस फार आवडायचा. ऑपरेशन हेच त्यांचं घरदार होतं. त्यांच्या हातातून ते मी काढून घेणार होते, आणि तेही स्टेशनरीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या तुकड्याने.

दुपारी चहाच्या वेळेला त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, काही पावलं किंचित बाहेर वळल्याचं आढळून येतंय असं दिसतंय."

"मराठीत बोल. कोणाची पावलं?"

"पेशंटची."

"ऑपरेट कोणी केलेले?"

"युनिटने, सर."

"युनिट म्हणजे कोण?"

मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हटलं, "तुम्ही."

सरांनी कप खाली ठेवला. "कशावरून?"

नेहमीचाच शब्द, नेहमीच्याच सुरात. त्यात राग नव्हता. मला वाटतं रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, "पावलांवरून, सर."

मारुतीरावांना परत बोलावलं. टब भरला. ते चालले आणि या वेळी त्यांच्यामागून सर स्वतः रांगत गेले. मावशी पोछा घेऊन आल्या होत्या, त्या भिंतीशीच थबकल्या. सरांनी प्रत्येक पाऊल मोजलं. काही वाळली म्हणून मारुतीरावांना पुन्हा चालवलं आणि पुन्हा मोजलं. मग भिंतीला धरून उठले, दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, "माझी मान मोज."

"सर?"

"ऑपरेशन संपताना मी काय करतो? पायाशी उभा राहतो, गुडघ्याची वाटी आणि बोटं एका नजरेत बघतो आणि म्हणतो, बरोबर. ते बरोबर कशावरून? माझ्या नजरेवरून. नजर मानेवर बसलेली. मान मोज."

मी कोनमापक त्यांच्या कानाशी लावला. कॉरिडॉरमधले लोक बघत होते. खात्री व्हावी म्हणून मी तीनदा मोजलं. आकडा सांगितला तेव्हा सर म्हणाले, "हं." मग म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही सगळे टेबलाभोवती उभे असायचा. कोणीच विचारलं नाही, कशावरून."

विचारणार कसं? आम्ही त्या मानेची नक्कल करत होतो.

सर मारुतीरावांसमोर स्टुलावर बसले. "मारुतीराव, तुमचा पाय मी वाकडा बसवलाय."

"न्हाई वो सायेब. पायच माजा वंगाळ आसंल."

"पाय चांगला होता. चूक माझी आहे. हाड परत कापून, फिरवून, सरळ बसवता येईल. पुन्हा काही महिने जातील. पण फळीवर पाय मावेल असं मला वाटतं. खात्री देत नाही. नको असेल तर नको म्हणा, मला वाईट वाटणार नाही."

मारुतीरावांनी पायाकडे बघितलं. "पोती शिवून जीव जातूय माजा," ते म्हणाले. "तुमी करनार आसला तर करा."

"मी करणार नाही. मी आता ऑपरेशन करणार नाही. या करतील."

'या' म्हणजे मी. हे मलाही त्याच क्षणी कळत होतं. तोवर मी अशा सळया सरांच्या देखरेखीखाली पुष्कळ घातल्या होत्या, पण जुळलेलं हाड कापून परत जोडायचं काम कधी केलं नव्हतं. मारुतीरावांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"ह्या? ह्या तर फरशी पुसत्यात न्हवं?"

मावशींना एवढं हसू लोटलं की त्यांनी पोछा सोडून दिला. सरही हसले. त्या दिवशीचं ते पहिलं हसू.

"त्या मोजत होत्या," सर म्हणाले. "चूक त्यांनीच शोधली."

"तरी बी सायेब," मारुतीराव म्हणाले, "तुमी हुबं ऱ्हानार आसला, तरच."

"उभा राहीन."

इथे मधलं थोडं सांगून टाकते, कारण मला उत्कंठा ताणता येत नाही, आमच्या घरी मी रहस्यकथा शेवटच्या पानापासून वाचते. मारुतीराव आज फळीवर आहेत. ओपीडीत येताना लसणाची पिशवी आणतात आणि नव्या रेसिडेंटना सांगतात की या बाई आधी फरशी पुसायच्या, शिकून डॉक्टर झाल्या. मी दुरुस्त करत नाही. सरांनी बाकीच्या पेशंटनाही एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाला समोर बसवून तेच वाक्य सांगितलं. एकाने भांडण काढलं, सरांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. काहींनी पाय सरळ करून घेतले, काही म्हणाले, चालतंय तसं चालू दे. थिसिसमध्ये मी सरांच्या पेशंटचा गट मोघम शब्दांत लिहिला होता, तर त्यांनी तिथे स्वतःच्या हाताने 'प्रमुख सर्जन, म्हणजे मार्गदर्शक स्वतः' असं घातलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून मला विचारलं, "तुमच्या सरांनी हे वाचलंय?" मी म्हटलं, "हो." त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. मी रात्र रात्र जागून पाठ केलेली उत्तरं आजही तशीच शिल्लक आहेत.

सर अजून येतात. शिकवतात, टब भरायला लावतात. ऑपरेशन करत नाहीत. माझी मान मात्र अजून कधी कधी डावीकडे जाते आणि तेव्हा मी घाबरून ती सरळ करते.

मारुतीरावांच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सर माझ्या आधी येऊन हात धुऊन तयार होते. मला वाटलं होतं, ते बाजूला उभे राहतील, शब्द दिला होता त्याप्रमाणे. ते टेबलाच्या पायथ्याशी गेले. तिथे पाय धरायला कोणीतरी लागतं. हाड कापून फिरवलं की खालचा पाय मोकळा असतो. तो नेमक्या कोनात आणून दिला की स्क्रू बसेपर्यंत कोणीतरी तसाच धरून ठेवावा लागतो. तो केसभर हलला तर सगळं मुसळ केरात. हे काम नेहमी युनिटमध्ये सगळ्यात शेवटी आलेल्या रेसिडेंटचं. हात भरून येतात, पाठ मोडते, आणि आभार कोणी मानत नाही. नवीन आलेला रेसिडेंट पुढे झाला, तर सरांनी त्याला मानेनेच मागे सारलं आणि मारुतीरावांची टाच स्वतःच्या दोन्ही हातांत घेतली.

मी हाड कापलं. पाय फिरवला. दुसऱ्या पायाशी ताडून मोजला, परत मोजला. सर पायाकडे बघत नव्हते. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं, आपल्या डोळ्यांनी मध्ये पडू नये म्हणून. मी म्हटलं, "सर, आता असाच धरा." ते म्हणाले, "धरलाय." मी ड्रिल हातात घेतलं.

वरचा स्क्रू बसला. खालच्यासाठी ड्रिल लावलं तेव्हा मला जाणवलं की पाय किंचित बाहेर चाललाय. सरांचे दंड थरथरत होते, पाय धरून तेवढा वेळ झाला होता. ते भिंतीकडेच बघत होते, त्यांना कळलं नव्हतं. खोलीत सगळ्यांना दिसत होतं. कोणी काही म्हणालं नाही. मीही ड्रिल तसंच धरून थांबले, कारण ज्यांनी मला हाड धरायला शिकवलं त्यांना मी काय सांगणार होते? मग मला पोती शिवणारी मारुतीरावांची बोटं आठवली.

"सर," मी म्हटलं, "पाय हलतोय."

माझा आवाज मलाच फार मोठा वाटला. सरांनी भिंतीवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून त्यांनी टाच छातीशी घट्ट धरली.

"सॉरी," सर म्हणाले. "तू सांग, तसा धरतो."